जीपची खांदेमळणी

सकाळी रेडिएटरमध्ये पाणी मी माझ्या हाताने टाकलं होतं. झाकण काढून, आत बोट बुडवून पाहून, अगदी काठोकाठ. तरी त्या चढावर, अर्धा चढही चढून झाला नव्हता तोच, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि काटा लाल पट्टीत जाऊन बसला. भाड्याने आणलेला ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, मॅडम, पाणी टाकलं होतं ना? याच चढावर, याच जीपमधून अशीच वाफ निघाल्यावर, सव्वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या भावाला विचारला गेला होता. त्याने टाकलं होतं म्हणून सांगितलं, आणि ते कुणी मानलं नाही.

आमचा तांडा केळापूरच्या बाजूला. बा गेल्या वर्षीच्या माघात गेला. माझे वडील, आम्ही त्याला बा म्हणायचो आणि आईला याडी. त्याच्या वर्षश्राद्धानंतर घर आवरलं, भांडी वाटली, आणि अंगणातल्या निंबाखाली उभी असलेली ही जीप तेवढी राहिली. तिची मुदत कधीच संपलेली. भंगारवाला न्यायला तयार होता, पण त्याच्या हवाली करण्याआधी ती एकदा यवतमाळला माझ्या दारात यावी असं मला वाटलं. का वाटलं ते विचारू नका. शाळेत पोरांना कारणं द्या म्हणून सांगणारी बाई मी, आणि माझ्याकडेच कारण नव्हतं.

चढाच्या कडेला दगडावर बसून इंजिन निवायची वाट पाहताना एक वास आला. तापलेल्या लोखंडाचा आणि रबराचा तर होताच, पण त्याच्या खालून हळदीचा, करपलेल्या लोण्याचा. लग्नानंतर कुठल्याही स्वयंपाकघरात मला तो वास परत भेटला नव्हता. तो आमच्या जीपच्या खांद्याचा वास होता.

आता जीपला खांदा कुठून आला, ते सांगायला हवं. आमचे बंजारा पूर्वज लदेणीवाले; बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख तुडवणारे. पुढे तांडे स्थिरावले, शेती आली. बाने मात्र बैलजोडी विकून ही जीप घेतली, तीही जुनी, दुसऱ्याच्या हातची. बाजारच्या दिवशी माणसं, दिवाळीनंतर कापूस, नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या जत्रेला जाणाऱ्या बाया. तो म्हणायचा, आपण वाहणारे लोक, जनावर तेवढं बदललं. आणि एकदा तिला जनावर म्हटल्यावर पोळ्याला तिचं काही कमी ठेवणं त्याला पटेना. बा म्हणजे हट्टाचं माहेरघर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्या तांड्यात बैलांची खांदेमळणी चालायची. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा गरम पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने हळद आणि लोणी चोळायचं. बा बॉनेट उघडायचा. बैलाचा भार जिथे पडतो तो खांदा, मग जीपचा भार कुठे पडतो? त्याने स्वतःशीच विचार करून ठरवलं होतं, इंजिनाच्या उजव्या कुशीला, खाली, जिथवर हात पोचेल तिथे. ओणवा होऊन तो त्या लोखंडाला हळद-लोणी चोळायचा, हळूहळू, डोळे मिटल्यासारखे करून. मग पुढे येऊन हात जोडून म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." याडी पदर तोंडाला लावून हसायची. भिया, म्हणजे माझा मोठा भाऊ देविदास, माझ्याकडे पाहून डोळे मिचकावायचा. दुसऱ्या दिवशी बैलांच्या अंगावर गेरूचे ठिपके पडले की उरलेला गेरू बा त्याच जागी थापायचा, नजर लागू नये म्हणून.

तोरणाखाली बैलांची रांग लागली की आमची जीप सगळ्यात शेवटी उभी. शिंगं नाहीत म्हणून आरशांना बेगड. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणारे तिच्यावरही एखादी झडती जोडायचे, लोक हसायचे, बा हसायचा नाही. पोळा फुटला की घरोघरी बैल पूजेला जायचे, तशी जीपही चार घरं फिरायची, आणि बाया तिच्या चाकांवर पाणी टाकून तिच्यापुढे पुरणपोळी धरायच्या. ती पोळी अखेर मी आणि भिया खायचो. अजूनही पुरणपोळी खाताना मला डिझेलचा वास हवासा वाटतो, हे मी माझ्या सासरी कधी बोलले नाही.

त्या जीपमध्ये बसण्याचे ऋतू होते. कापसाच्या दिवसांत मागच्या बाकांवर गाठोडी आणि गाठोड्यांवर आम्ही. नाकात, भुवयांत कापसाचे तंतू. फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला, आणि मोहाची फुलं वेचून येणाऱ्या बायांच्या टोपल्यांमुळे गाडीभर तो गोडसर, जड वास. भिया विसाव्या वर्षापासून चालवायला लागला. गिअर टाकताना तो जीभ दातांत धरायचा. सकाळी विहिरीवरून पितळी लोट्याने पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतायचा, आणि ते ओतताना काहीतरी गुणगुणायचा. ती चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. विहिरीचं ते जड, खारं पाणी. त्याच पाण्यात आमची डाळही शिजायची नाही.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहू शकत नाही. वैशाख होता. सकाळपासून याडीच्या छातीत दुखत होतं, आणि दुपारी जेवणं झाल्यावर ती चुलीपुढून उठली नाही. भियाने जीप काढली. यवतमाळला न्यायचं ठरलं. मी म्हणते म्हणून नाही, पण आमच्या तांड्यात एकट्याला दवाखान्यात नेत नाहीत; काका, काकू, शेजारचे, जीपमध्ये आम्ही नऊजण बसलो. याडीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी बारा वर्षांची होते. चढ लागला, इंजिन घुमायला लागलं, आणि वाफ निघाली.

रस्त्यावर सावली नव्हती. माणसं पाण्याला धावली, विहीर लांब होती. मी याडीच्या चेहऱ्यावर माझ्या ओढणीने वारा घालत होते. पाणी येऊन, इंजिन निवून, गाडी परत सुरू व्हायला किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. गाडी सुरू झाली तेव्हा याडीला कुठे न्यायची घाई उरली नव्हती, एवढंच ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी अंगणात सगळा तांडा बसलेला असताना बाने भियाला विचारलं, पाणी टाकलं होतं काय. हे बोलणं आमच्या गोरबोलीत झालं, मी इथे वऱ्हाडी वळणाने लिहिते आहे. भिया म्हणाला, टाकलं होतं. बा म्हणाला, मग गेलं कुठं? खाली थेंब नाही, पाइप फुटलेला नाही. गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं होतं. त्याने वरचं हेड उघडलं, गॅस्केट बदललं, खालच्या लाल डागाला गेरू समजून हात लावला नाही. भियाने याडीची शपथ घेतली. तेव्हा बा माझ्याकडे वळला.

"बाई, तू पाह्यलं काय त्याले पाणी टाकताना?"

मी पाहिलं नव्हतं. त्या सकाळी मी याडीचे पाय चेपत आत बसले होते. मी भियाकडे पाहिलं. त्याने मला काहीच खूण केली नाही, नुसता उभा होता. मी म्हणाले, "मी नाही पाह्यलं."

खरं बोलले. शाळेत खरं बोलायला शिकवतात, घरीही तेच शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी बोलले आणि बा म्हणाला, लबाडाच्या हातात मी आपलं जनावर देत नाही. याडीचा महिना व्हायच्या आत भिया राजूरला गेला. कोळशाच्या खाणींवर ट्रक चालवणाऱ्यांची तिथे नेहमीच गरज असते. तो परत तांड्यात राहायला आला नाही.

आमच्यात लग्नाच्या वेळी नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. रडगाणंच ते, आईसाठी वेगळं, बापासाठी वेगळं, भावासाठी वेगळं. म्हाताऱ्या बाया महिनाभर आधी शिकवतात. भावाचा ढावलो मला सगळ्यात चांगला यायचा. माझ्या लग्नात भिया तांड्याच्या बाहेर सडकेवर उभा होता, असं मला नंतर कळलं. एका माणसाच्या हाती लुगडं पाठवून तो तिथूनच परत गेला. तो ढावलो मी म्हटलाच नाही. कधी कधी भांडी घासताना त्याच्या ओळी आपोआप ओठांवर येतात, मग मी नळ मोठा सोडते.

म्हणून त्या दगडावर बसून मी पुन्हा पुन्हा सकाळ आठवत होते. पाणी मी टाकलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातांनी. आणि ते नाहीसं झालं होतं, खाली थेंब नव्हता. मग भियानेही टाकलं असेल. हे कुणीतरी शोधून द्यायला हवं होतं, आणि सव्वीस वर्षं कुणी शोधलं नव्हतं. मीही नाही.

जीप दोरीने ओढत यवतमाळजवळ लोहाऱ्याला नेली. तिथे औद्योगिक वसाहतीच्या कडेला मेश्राम मिस्त्रींचं टिनाचं शेड आहे. साठीचा माणूस, कमी बोलणारा, चष्मा दोऱ्याने मानेला बांधलेला. मी सांगितलं, मला गाडी चालवायची नाही, भंगारातच जायची आहे; मला फक्त पाणी कुठून जातं ते हवं आहे. ते म्हणाले, भंगारात द्यायची तर पाणी कायले पाहता. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठेवून जा.

शाळा सुटली की मी रोज तिथे जायची. पहिल्या दिवशी त्यांनी ऑइलची काडी काढून दाखवली. पाणी ऑइलमध्ये मिसळत असेल तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं, हे काळंच होतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याऐवजी हिरवं कूलंट भरलं, रंगाने तरी वाट सापडेल म्हणून, आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. गाडी दिवसभर उभी राहिली, कागद कोरडा. इंजिन तासभर चालवलं तरी कागद कोरडाच, पण कूलंट बोटभर उतरलेलं. पाइप बदलले, पट्ट्या आवळल्या, पाण्याचा पंप खोलून पाहिला. सगळं ठणठणीत. तिसऱ्या दिवशी ते नुसतेच इंजिनासमोर स्टूल टाकून बसले होते. माझ्या मनात आलं, यांनाही वाटत असणार की पाणी टाकलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी हातपंप रेडिएटरच्या तोंडाला लावला आणि गाडी बंद असतानाच आत दाब भरला. चढावर जेवढा दाब येतो तेवढा, ते म्हणाले. सपाटीवर नाही येत, मनूनच सपाटीवर गळत नाही. पंपावरचा काटा हळूहळू, अगदी हळूहळू खाली यायला लागला. त्यांनी बॅटरी धरली आणि इंजिनाच्या उजव्या कुशीकडे वाकले. हळदीच्या आणि गेरूच्या जाड थराच्या खालच्या कडेला हिरवट ओल आली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय लावून ठेवलं इथं?"

मी म्हणाले, खांदेमळणी.

मेश्राम मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी लोखंडी पट्टीने तो थर खरवडायला सुरुवात केली. पिवळा, त्याखाली तांबडा, परत पिवळा, परत तांबडा. किती पोळे होते ते मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. त्याखालून पत्र्याचं एक गोल बूच निघालं, वाटीच्या बुडाएवढं. इंजिनाच्या ओतीव अंगाला अशी बुचं असतात, मला माहीत नव्हतं. खारं पाणी पिऊन पिऊन ते आतून गंजलं होतं आणि त्याला मोहरीएवढं भोक पडलं होतं. थर निघताच त्यातून हिरवी धार उडाली, थेट मिस्त्रींच्या सदऱ्यावर.

"थंड असली का तुमचं लोणी त्याले दाबून ठेवे," ते म्हणाले. "चढावर जोर आला का मागून सुटे, अन् गरम लोखंडावर पडून तिथंच वाफ. खाली थेंब कायचा पडते? अन् गंजाचं पाणी अन् गेरू, रंग एकच. ज्यानं पाह्यलं त्याले गेरूच दिसला."

ते बूच काढून त्यांनी कपड्याने पुसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी शेडच्या मागे गेले आणि तिथे टायरांच्या ढिगाला टेकून रडले. दुःख झालं होतं, आणि रागही आला होता, आणि कुणावर यावा ते कळत नव्हतं. ज्या हाताने माया केली त्याच हाताने जखम झाकली होती. बाला चार मिनिटं गप्प बसून खरवडायला सांगितलं असतं तर? पण त्याने खरवडू दिलं नसतं. तिचा खांदा आहे तो, म्हणाला असता.

मग दुसरंही सुचलं, आणि ते अजून सुचतं. याडी गेल्यानंतर बा त्या जीपमध्ये नेहमी पाण्याचा एक डबा ठेवायचा. जड भाडं घ्यायचा नाही. यवतमाळच्या चढावर तर त्याने ती पुन्हा कधीच नेली नाही. मला भेटायला यायचा तो एसटीने. भीती होती म्हणावं, की कळलं होतं? कळलं असेल तर तो दरवर्षी पळसाच्या पानाने त्या जागी काय चोळत होता? शेवटच्या आजारात त्याने एकदा विचारलं होतं, देव्याचा फोन येते काय. मी म्हणाले, माझ्याकडे येतो. त्यानंतर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मेलेल्या माणसाला उत्तर मागता येत नाही, नाहीतर मी हे एवढंच मागितलं असतं.

रविवारी एसटीने वणीला उतरून राजूरला गेले. भियाच्या घरासमोरच्या दोरीवर धुतलेले कपडे वाळत होते आणि वाळता वाळताच काळपट होत होते. भिया आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, दिसतो साठीचा. भौजीने चहा केला. त्यांची मुलगी कॉलेजला आहे, ती आत अभ्यास करत बसली होती. मी रुमाल सोडून ते बूच त्याच्यासमोर खाटेवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. चढ, दाब, लोणी, गेरू, गंज. तो बूच उचलून उजेडाकडे धरून पाहत होता. त्या भोकातून त्याला आभाळ दिसलं असेल. इतकी वर्षं ट्रक चालवलेला माणूस, त्याला मी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला वाटलं तो रडेल, किंवा बाला शिव्या देईल. मी दोन्हीला तयार होऊन गेले होते.

"भोक असंन," तो म्हणाला. "पण बाई, खरं सांगू काय? मी तवा पाणी टाकलं होतं का नाही, हेच मले आता आठवत नाही."

मी रुमालाची घडी घालायला लागले.

"सुरुवातीले आठवे," तो म्हणाला. "लोटा दिसे, हात दिसे. मंग समदे म्हणून राह्यले नाही टाकलं, नाही टाकलं. याडी सपनात येऊन तेच इचारे. आता डोये मिटले का रिकामा लोटाच दिसते मले. नसंनच टाकलं मी. भोक आपल्या जागी, अन् माझं पाप आपल्या जागी."

हे तो रागाने बोलला नाही. हवापाण्यावर बोलावं तसं बोलला, आणि बूच माझ्याकडे सरकवलं. त्या पत्र्याच्या तुकड्याने भोक सिद्ध होत होतं, भियाचा लोटा सिद्ध होत नव्हता. एवढा साधा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता. तो लोटा पाहिलेलं जगात कुणी नव्हतं, आणि ज्याने ओतला त्याच्याच डोळ्यांतून तो पुसला गेला होता.

"टाकलं होतं, भिया," मी म्हणाले. "मी पाह्यलं होतं."

त्याने मान वर केली.

"विहिरीवरून दोन लोटे आणले तू. मी दारातून पाह्यलं."

आत भौजीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. मग त्याने फार हळू विचारलं, "मंग तवा काहून नाही सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी घरून आणलं नव्हतं. मी म्हणाले, "बाचा भेव वाटला."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याकडे पाहूनच आलं होतं. सव्वीस वर्षं स्वतःवर धरलेला राग त्याला आता दुसरीकडे ठेवायला जागा मिळाली होती. मी ती जागा देऊन बसले. तो उठून आत गेला. चहाचा कप तसाच राहिला. भौजी बाहेर आली, माझ्याकडे न पाहता तिने कप उचलला. मी पिशवी घेतली आणि निघते म्हणाले, पण पुन्हा ये असं कुणी म्हटलं नाही.

दारापर्यंत तो आला नाही. मी चपला घालत होते तेव्हा आतून त्याचा आवाज येत होता. तो त्याच्या मुलीला सांगत होता, एकदा सांगून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगत होता, की त्या दिवशी त्याने पाणी टाकलं होतं, दोन लोटे, विहिरीवरून आणून.